भोंगा न वाजवता

"हातातलं काम आहे तिथंच सोडा. सराव आहे," मैथिली शेडच्या दारात उभी राहून म्हणाली.

दत्तारामने पान्हा खाली ठेवला नाही. सराव गेल्याच आठवड्यात झाला होता. तेव्हा उन्हात मैदानावर उभं राहून त्याचं डोकं दुखलं होतं.

"परत, मॅडम? आताच तर झाला."

"आज पुन्हा, काका. पान्हा ठेवा. हळू, आपटू नका."

महाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या या कारखान्यात मैथिली सुरक्षा अधिकारी म्हणून आली, त्याला फार काळ झाला नव्हता. महाडच्याच मास्तरांची मुलगी. बोलणं मऊ, पण एखादी गोष्ट धरली की तडीस नेल्याशिवाय सोडायची नाही.

ती येण्याआधी एकदा गॅस गळतीचा भोंगा वाजला होता. सगळे एकाच जिन्यावर तुटून पडले. गॅस लगेच आटोक्यात आला, कोणाला काही बाधा झाली नाही. पण जिन्याच्या पायथ्याशी हैबती चेंगरून मेला. दत्तारामच्याच कुडपण गावचा. दोघं बरोबर कामाला लागलेले. तेव्हापासून भोंगा, सराव, पिवळ्या रेषा, सगळ्यावरून दत्तारामचं मन उडालं होतं. मरणारा मरतोच, असं तो म्हणायचा.

आज मैथिलीने भोंगा वाजवलाच नाही. एकेका टोळक्याजवळ जाऊन ती शांतपणे सांगत होती.

"समजा, हायड्रोजन गळतोय. दिसत नाही, वास येत नाही. एक ठिणगी पुरे. मोबाइलला हात लावायचा नाही, दिव्याचं बटण दाबायचं नाही. मागच्या उतारावरून जायचं, एकामागे एक. धावायचं नाही."

"मॅडम, बॅच अर्ध्यावर आहे," प्लांट सांभाळणारा रितेश म्हणाला. "सगळा माल वाया जाईल."

"जाऊ दे. तू माझ्याबरोबर थांब. आपण शेवटी निघू."

तेवढ्यात मॅनेजर मुकुल साहेब तणतणत आले. "गिऱ्हाईक आलंय आज! त्यांच्यासमोर हे काय नाटक चाललंय?"

मैथिली त्यांच्या जवळ गेली आणि हळू आवाजात काहीतरी बोलली. साहेबांचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. मग ते मुकाट्याने वळले आणि पाहुण्यांना घेऊन गेटकडे चालू लागले.

दत्तारामला गंमत वाटली. पोरीने साहेबाचीही बोलती बंद केली की!

"काका, तुमच्याकडे एक काम आहे," ती त्याच्याकडे वळली. "जाताना पावसाळी गटाराचं दार बंद करा. उद्या आग लागली, पाणी मारलं, तर ते पाणी केमिकल घेऊन सरळ सावित्री नदीत जाईल."

"सरावासाठी खरंच बंद करायचं? त्याचं चाक गंजलंय."

"खरंच. पूर्ण. तिथून पाण्याचा थेंब बाहेर जाता कामा नये."

दत्ताराम कुरकुरत गटारापाशी गेला. चाक ढिम्म हलेना. सोडून जावं असंही मनात आलं. पण त्याची बहीण प्रयागबाई दासगावात दिलेली. एका वर्षी कुठल्याशा कंपनीचं पाणी नदीत उतरलं, आणि दासगावच्या काठाला मासे पोट वर करून तरंगले. "तुमच्या कंपन्यांनी नदी नासवली रे दादा," असं ती म्हणाली, तेव्हा त्याला मान वर करता आली नव्हती. त्याने पाय रोवले, खांदा लावला आणि सगळं अंग टाकून चाक रेटलं. तळहातांची सालं निघाली. कर्रकन आवाज झाला, चाक फिरलं. दार तळाला टेकेपर्यंत तो तिथून हलला नाही.

गेटबाहेर चंपाबाई तिच्या टपरीवर धुसफुसत होती. वॉचमनने तिची शेगडी विझवायला लावली होती. "माझ्या भज्यांनी कंपनीचं काय घोडं मारलंय गो बाई?" बिरवाडीत खोली घेऊन राहणाऱ्या कामगार भरतने बाइकला किक मारायला पाय उचलला, तर वॉचमन त्याच्याही अंगावर ओरडला. शेवटी सगळे पायीच लांबच्या मैदानावर गेले.

भरतने माणसं मोजली. मैथिली आणि रितेश सोडून सगळे आले होते.

"ते दोघं जखमी झालेत आज," भरत म्हणाला. "सरावात कुणीतरी व्हायलाच लागतं." सगळे हसले.

अग्निशमन दलाचा बंब आला आणि वळणावरच थांबला. "त्यांना पण उन्हात उभं केलं!" पुन्हा हशा पिकला.

वाट बघून लोक कंटाळले. कोणी चहाची आठवण काढली, कोणी झाडाखाली बसलं. मग लांबून दोन माणसं येताना दिसली. मैथिलीच्या गळ्यात मास्क लोंबत होता, कपडे घामाने चिंब झाले होते. रितेश मैदानावर पोचला, मटकन खाली बसला आणि त्याने दोन्ही हातांत तोंड लपवलं. बंबावरची माणसं तिच्याशी दोन शब्द बोलून आत गेली.

दत्ताराम उठून तिच्याजवळ गेला. मघापासून त्याच्या मनात एकच गोष्ट घोळत होती. एवढी माणसं बाहेर आली, पण कुणाचा कुणाला धक्का लागला नव्हता.

"मॅडम, गटाराचं दार फिट्ट बंद केलंय," तो म्हणाला. "आन् आज बरोबर जमलं. कोण धावला नाय, कोण पडला नाय. तवा असंच झालं असतं, तर हैबती आज हितं उभा असता."

"म्हणूनच भोंगा वाजवला नाही, काका." तिने गळ्यातला मास्क काढून हातात घेतला.

"आता खरी येळ येऊ दे. आमी घाबरणार नाय."

मैथिलीने शेडकडे एकदा वळून पाहिलं.

"आजचीच खरी होती, काका," ती म्हणाली. "गळती आत्ता बंद झाली."