दोनशे छप्पन्न

पडद्यावरचे हिरवे आकडे सरसर चढत गेले आणि दोनशे छप्पन्नवर थांबले. शहाजादीनं कॉम्प्युटर बंद केला, पुन्हा लावला. पुन्हा दोनशे छप्पन्न. दसऱ्याच्या सुट्टीआधी हेच मशीन आपली मेमरी शहाण्यासारखं सहाशे चाळीसपर्यंत मोजत होतं.

एवढ्याशा मेमरीत कास्टिंगच्या ऑर्डरींचा प्रोग्राम मावत नव्हता. जागा पुरत नाही म्हणायचा आणि उघडायच्या आधीच बंद व्हायचा.

"पुण्याला ट्रंककॉल केलता," फौंड्रीचे मालक हंबीरराव दारातनं म्हणाले. "मेमरीचं कार्ड गेलं म्हणत्यात. आता मी काय सांगतो ऐक. दुपारी आपला टेंपो पुण्याला निघतोय. तवर झालं तर झालं. न्हाईतर हा डबा त्यात घालायचा, आन् परत आणायचा न्हाय. कारकुनानं हातानं लिवलं म्हणून काय आभाळ कोसळत न्हाय."

"आणि मी, मालक?"

हंबीररावांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "तुला डब्यासाठीच घेतलं की गं."

रागानं बोलले असते, तर तिला उलट काही बोलता तरी आलं असतं.

बाळंतपणानंतर ती नुकतीच कामावर आली होती. मंगळवार पेठेत, घरी, चमन आता आजीच्या मांडीवर मूठ चोखत असणार. पान्हा दाटला होता. तिनं पदर नीट ओढून घेतला आणि मशीनचा वरचा पत्रा काढला.

आतल्या चिपा अंगठ्यानं एकेक करून दाबल्या. दोनशे छप्पन्न. वाढीव मेमरीचं कार्ड खोबणीतनं उपसलं, त्याची सोनेरी कड खोडरबरानं घासली, परत बसवलं. दोनशे छप्पन्न. शेजारच्या खोबणीत घालून बघितलं. तेच. कार्ड तिथं आहे, हेच मुळी मशीनला कळत नव्हतं.

ती कार्ड घेऊन खिडकीपाशी गेली. पलीकडे शॉपमध्ये लेथ फिरत होते, त्यांच्या गळ्यातल्या झेंडूच्या माळा सुकायला लागल्या होत्या. उजेडात तिनं कार्ड तिरकं धरलं. कडेला तांदळाच्या दाण्याएवढी चार पांढरी बटणं होती. चारीही खाली. आणि चारींवर काहीतरी तांबडं. गंज असेल म्हणून तिनं नखानं खरवडलं. बोटाला कुंकू आलं.

"व्हईना व्हय गं?" शॉपमधले सगळ्यांत जुने टर्नर आकाराममामा दारात उभे होते. हात पुसत होते.

"मामा, ह्याला कुंकू कुणी लावलं?"

"म्या की!" मामा खूश झाले. "खंडेनवमीला ज्येनं त्येनं आपापल्या मशिनीची पूजा केली. तू घरी. म्हटलं, पोरीचं मशीन काय बिनपूजेचं ठेवायचं? चार स्क्रू तर हायत. पत्रा काढला, फुकून धूळ घालवली, आतल्या जिवाची पूजा केली. वरच्या पत्र्याला कुंकू लावून काय उपेग?"

"आणि ही बटणं?"

"खाली केली की समदी. त्या दिवशी शॉपात एक बटण वर ऱ्हात न्हाय. दिसभर मशिनीला इसावा. ह्येचं मोठं बटण तू जाताना बंद केलतंस, पर आत बघतो तर ही चार वरच! म्हटलं, बिचारं आतनं जागंच हाय."

"मग परत वर कुणी करायची?"

मामांचा हात पुसायचा थांबला. "लेथचं केलं की आज आल्या आल्या," ते हळू म्हणाले. "ह्येचं… ध्यानातनंच गेलं बघ."

शहाजादीनं केसातली पिन काढली. पिनेच्या टोकानं चारी बटणं वर केली. कार्ड बसवलं आणि मशीन लावलं. आकडे चढले. दोनशे छप्पन्न आले, तेव्हा मामांनी डोळे मिटून घेतले. आकडे थांबले नाहीत. सहाशे चाळीस.

मामांनी डोळे उघडले, तर दारात हंबीरराव, आणि त्यांच्यामागे टेंपोवाला.

"काय झालतं?"

शहाजादी काही बोलायच्या आत मामाच बोलले. "म्या इसाव्याला ठिवलतं मालक, आन् उठवायचं इसरलो."

"तू? अरं आकारामा, ह्या डब्याला हात लावायला तुला कुणी सांगितलं?"

"तुमीच की. गेटात हुबं ऱ्हाऊन म्हणालतासा, आज एक बटण वर दिसलं तर बघतो एकेकाला."

हंबीरराव मागे वळले. मग ते टेंपोवाल्यावर ओरडले, "तू काय बघतोस? जा की, जा तसाच!"

तो गेल्यावर त्यांनी पडद्याकडे बघितलं, मग मामांकडे. "पुढल्या साली ह्येची पूजा हिनंच करायची. मशीन जिचं, पूजा तिची. तू आपलं लेथ बघ."

पुढल्या साली. शहाजादीला तेवढंच ऐकू आलं. तिनं पत्रा बसवायला घेतला.

"पर तिला चालंल का?" मामांनी विचारलं.

"मला काय इचारतोस? तिला इचार."

शहाजादीनं शेवटचा स्क्रू आवळला. "चालंल. पण नारळ फोडायचं मला जमायचं न्हाई, मामा."

"नारळ मी फोडतो," मामा म्हणाले. "पर दाराबाहीर. पाणी उडंल ह्येच्यावर."