सैल हेडफोन

हेडफोन विकता विकता मला एक कळलंय. गिऱ्हाईक किमतीवर कुरकुरलं तर घेतं, कानांवर कुरकुरलं तर निघून जातं. यूरुनबाई तासभर कानांवरच कुरकुरत होत्या. माझ्या बर्गनच्या दुकानातले तिन्ही भारी हेडफोन त्यांनी लावून पाहिले. एकाचा आवाज स्वच्छ, पण कान दाबतो. दुसरा मऊ, पण त्यात व्हायोलिन पत्र्यासारखं वाजतं. तिसऱ्याने म्हणे मान अवघडते.

"मग घरचा काय वाईट आहे?"

त्यांनी पिशवीतून जुना हेडफोन काढून डोक्यावर चढवला. तो घसरून गळ्यात आला.

"आमच्या नवऱ्याची कृपा! हाल्वर स्वतः गेला ट्रॉन्डहाइमच्या त्या दातांच्या डॉक्टरणीकडे, आणि हा ठेवला मला, ताणून. भोपळ्याएवढं डोकं, आत नुसत्या बिया."

मला हसू आलं. त्या बोलत होत्या तोवर मी हेडफोनची पट्टी हलकेच आत वाकवून दिली.

"घ्या, आता नीट बसेल. पैसे नकोत."

त्यांनी लावून पाहिला. अगदी नीट बसला. बाईंनी तो लगेच उतरवून हातात घेतला.

"पुन्हा होता तसा करता येईल?"

"येईल की. पण किती सैल होता, ते मला कुठे आठवतंय?"

त्यांनी दोन्ही तळहात हवेत समोरासमोर धरले, मध्ये भोपळ्याएवढं अंतर ठेवून, स्वतःच्या डोक्यापेक्षा जरा उंच. मी माप पाहून घेतलं. तरी ते हात खाली आले नाहीत.