फर्स्टक्लास दाब

अग्निशमन दलाच्या बोधनकरांनी वस्तीच्या तोंडावरच्या लाल नळाला मीटर लावून चावी फिरवली. पाणी असं उसळलं की ते खूश झाले. "फर्स्टक्लास दाब!"

रिकामा हंडा घेऊन उभ्या असलेल्या कलावतीमावशींनी विचारलं, "साहेब, आमच्या नळाला आठवडाभर थेंब नाही. हे पाणी कुणासाठी?"

"आगीसाठी, मावशी," म्हणत त्यांनी नळ बंद केला.

चार दिवसांनी तिथूनच फोन आला. बोधनकर बंब घेऊन धावले. मैदानात कचऱ्याचा ढीग पेटलेला, भोवती बेतानं घातलेलं मातीचं कडं, आणि लाल नळापाशी हंड्यांची रांग!

पाइप जोडताच आग चुटकीसरशी विझली. बोधनकरांचा हात चावीकडे गेला.

"अजून धुमसतेय हो, साहेब," हंडा पुढे सरकवत मावशी म्हणाल्या.

बोधनकरांनी ओल्याचिंब राखेकडे पाहिलं. "धुमसतेय खरी," म्हणाले आणि चावी तशीच सोडून चहाला गेले.