दोरीवरचं जॅकेट

कोलंबियातल्या एका डोंगराळ गावात हिमानी स्वयंसेवक होती, तेव्हा तिचं काम एवढंच होतं, संस्थेचं पिवळं जॅकेट घालून गावकऱ्यांच्या सोबत राहायचं. जमिनीपायी जीव घेणारे बंदूकवाले परदेशी माणसासमोर कुणाला हात लावत नसत. पण तिला दिवस गेले, नागपूरला परतावं लागलं आणि तिच्या जागी दुसरं कुणी गेलंच नाही. निघताना घरमालकीण रोसानं फक्त ते जॅकेट मागून घेतलं. रोज ते धुवून ती अंगणात वाळत घालायची, म्हणजे बघणाऱ्यांना वाटावं की पाहुणी अजून घरातच आहे. वाळत घातलं की हिमानीला फोटो पाठवायची.

आज नागपूरजवळच्या वाडीतल्या घराच्या गच्चीवर लेकीची दुपटी वाळत घालतानाही हिमानीचं लक्ष फोनकडेच होतं.

"काहून वं, पोरगी रडून राहिली अन् तू फोन पाहून राहिली?" सासूबाई जिन्यातून ओरडल्या. "साऱ्या जगाले सोबत केली, आता पोरीलेही कर थोडी!"

"रोसाचा फोटो नाही आला, आई. कालही नाही."

तेवढ्यात फोन वाजला. फोटोत जॅकेट दोरीवरच होतं, नेहमीसारखं. हिमानीचा जीव भांड्यात पडला. मग तिनं खालची ओळ वाचली.



"मी रोसाची मुलगी. आईला काल पुरलं. आता हे मी वाळत घालत जाईन."