वल्ह्याची टाळी

नदीच्या खडकांतला एखादा रॅपिड, म्हणजे खवळलेल्या पाण्याचा टप्पा, पार केला, की आम्ही नवरा-बायको आपापल्या होडीतून वल्ह्यावर वल्हं आपटायचो. टक्! ती आमची टाळी. यंदा माझा खांदा निखळला आणि त्या आडरानातल्या नदीत नवरा एकटाच उतरला.

आज दुपारी त्याने हेल्मेटच्या कॅमेऱ्यातला व्हिडिओ मला लावून दिला आणि स्वतः पलीकडच्या खोलीत सामान पुसत बसला.

पहिला रॅपिड. पाणी अंगावर येतं, तो त्यातून सुटतो आणि वल्हं उचलून शेजारी धरतो. शेजारी नुसतं पाणी.

टक्.

माझं वल्हं तर इथे खुंटीला होतं.

"काय रे, सोबत कोण होती?" मी ओरडून विचारलं.

"कोण असणार? त्या रानात चिटपाखरूही नव्हतं!"

प्रत्येक रॅपिडनंतर टक्. आणि दर वेळी तो खळखळून हसताना ऐकू येत होता, माझ्याबरोबर कधीच हसला नव्हता असा. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी व्हिडिओ बंद केला.

पलीकडच्या खोलीत टक् वाजलं.

पाठोपाठ त्याचा दबका आवाज आला, "हळू ना! तिला ऐकू जाईल."