भिंत राहू द्या

"थांबा! भिंतीला हात लावू नका!" अरुणाबाई एवढ्या मोठ्यानं ओरडल्या की ब्रश बुडवायला वाकलेला ऋषी डब्यासकट मागे सरकला.

रबाळ्याच्या पंप बनवणाऱ्या कंपनीची तीस माणसं आज कामाला सुट्टी देऊन शिरवण्याच्या शाळेत आली होती. अंगात एकसारखे हिरवे टी-शर्ट, हातात रंगाचे डबे. पुढाकार क्षिप्राचा, कंपनीची समाजसेवा तीच बघायची. भिंतीवर पृथ्वी, झाडं आणि 'पाणी वाचवा' रंगवायचं ठरलं होतं. अडचण एवढीच, की हेच सगळं दिवाळीआधी एक बँक रंगवून गेली होती आणि उन्हाळ्यात एक सॉफ्टवेअर कंपनी. त्या एका भिंतीचं वर्षात तिसऱ्यांदा लग्न लागत होतं.

आजवर मुख्याध्यापिका अरुणाबाई पोहे खिलवून, फोटोत हसून मोकळ्या व्हायच्या. पाहुणे नाराज होऊन परत आलेच नाहीत तर, ही धास्ती. पण काल सातवीतल्या राजनंदिनीचे वडील तिचं नाव काढायला आले होते. मुलींच्या संडासात तीन महिने पाणी नव्हतं. मोठ्या मुली मधल्या सुट्टीत घरी जात, त्या परत येत नसत. आता एक कायमचीच चालली होती; 'उद्या दाखला देते' म्हणून बाईंनी कालचा दिवस ढकलला होता.

"मॅडम, बाराला सर येणारेत फोटोला," क्षिप्रा रडकुंडीला आली. "त्यांना काय दाखवू मी?"

"तुम्ही पंप बनवता ना? मग आमची मोटार बघा. प्लंबरनं पाइप बदलले तेव्हापासून वरच्या टाकीत पाणी चढत नाही. आता म्हणतो, मोटार जळली." बाई बोलून गेल्या.

मागून हौसेराव पुढे आले. साताऱ्याकडचे, कंपनीत सत्तावीस वर्षं फिटर. टी-शर्ट पोटावर ताणलेला, चेहरा सकाळपासून एरंडेल प्यायल्यासारखा.

"चालू करा बघू."

मोटार घरघरली. हौसेरावांनी कान देऊन ऐकलं, पाइपवरून हात फिरवत नेला आणि एकदम गडगडाटी हसले.

"जळलीबिळली काय न्हाय, बाई! ह्यो व्हॉल्व्ह बघा. पाणी येकाच अंगाला सोडतो ह्यो. बाण वर पायजे, तर हितं खाली हाय. उलटा बसिवलाय तुमच्या प्लंबरनं!"

ऋषी वाकला. "हा तर आपलाच! ह्याचं ड्रॉइंग मीच केलंय, काका. पाइपात बसलेला आज पहिल्यांदा बघतोय."

"मग नुसता बघू नगंस. पाना धर."

ब्रश तसेच पडले. कुणी नळांना वॉशर बसवले, कुणी संडासाच्या दारांना कड्या. साहेब आले तेव्हा क्षिप्रा वरच्या टाकीत उतरून गाळ खरवडत होती. "फोटो कुठे काढायचा?" त्यांनी खालून विचारलं. "सर, आधी ही बादली धरा ना," ती म्हणाली. साहेबांनी निमूटपणे धरली.

मोटार पुन्हा सुरू झाली. क्षणभर काहीच नाही. मग टाकीत धो धो पाणी कोसळलं आणि अख्खी शाळा किंचाळली. अरुणाबाईंना इतका आनंद झाला की त्यांनी हौसेरावांना चक्क वाकून नमस्कार केला. ते बिचारे लाजून चूर.

"दर तीन महिन्यांनी येतो बाई," ते म्हणाले. "पोरींना पाना धरायला शिकवतो. प्लंबरवर इसंबून ऱ्हाऊ नका."

"आणि येण्याआधी फोन करून विचारते, काय हवंय ते," क्षिप्रा म्हणाली.

मधली सुट्टी संपली. बाई सातवीच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. दुपारी मुली वर्गात असायची सवयच मोडली होती. मुलगे बाकांवर ऐसपैस पसरले होते. एकेक करत मुली आत आल्या. सगळ्यांत शेवटी राजनंदिनी, ओले हात ओढणीला पुसत, आणि बसायला जागाच नाही.

"सरका रे," बाई म्हणाल्या. "तिला बसू द्या."