न धुतलेला शर्ट

आपल्या अंगाला वास येऊ नये म्हणून सुधन्वा बायकोला नुसता पिडायचा. आंघोळ झाली की काखेत तुरटी फिरवायची, अंगातला शर्ट त्याच दिवशी धुवायचा आणि वाळत घालताना उलटा करायचा. "काखेला ऊन लागलं पाहिजे, चेतना. दिल्लीचा घाम आहे हा!"

त्याचं तेरावं झालं आणि चेतनाने त्याचे कपडे वाटून टाकले. शेवटच्या दिवशीचा, घाम मुरलेला शर्ट मात्र तिने न धुता कपाटात ठेवला. त्यात नाक खुपसल्याशिवाय तिला झोप लागत नसे.

आज ऑफिसातून येऊन ती फ्लॅटचं कुलूप काढत होती. किल्ली आता तिच्या एकटीकडेच होती. तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या भाभी ओरडल्या, "चेतनाजी, आपकी बालकनी से पानी टपक रहा है!"

दोरीवर तोच शर्ट निथळत होता, उलटा. तिने तो ओढून नाकाशी धरला.

नुसता साबणाचा वास.